एका आडनावाचा माग : वडगावपासून वर्ध्यापर्यंत

वर्धा जिल्ह्याच्या पहिल्या मोठ्या जमीन बंदोबस्ताचा अहवाल १८६७ सालचा आहे. जिल्हा तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून काही मुलूख वेगळा काढून तो तयार झाला. पहिले ठाणे पुलगावजवळ कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी रुंद रस्ते आखून नवे गाव वसवले गेले आणि त्याला नदीचे नाव मिळाले. जिल्हा नवा, गाव नवे, कारभारही नवा. पण अहवालावर ज्या अधिकाऱ्याचे नाव आहे, त्याच्या आडनावाचा मराठी मुलखाशी असलेला संबंध तोवर नव्वद वर्षांचा झाला होता. ते आडनाव रिव्हेट-कार्नॅक.

ब्रिटनमध्येही हे आडनाव फार थोड्यांचे. स्मिथ किंवा ब्राउन हे नाव एखाद्या कागदावर दिसले, तर तो कोणता स्मिथ हे ठरवताना अभ्यासकाची दमछाक होते. रिव्हेट-कार्नॅक हे जोडनाव एकाच घराण्याचे आहे आणि ते कधी व कशामुळे अस्तित्वात आले याचा कागद उपलब्ध आहे. त्यामुळे ते जिथे भेटेल तिथे आपण एकाच कुटुंबाच्या मागावर आहोत याची खात्री बाळगता येते. तह, मृत्युपत्र, राजाचा परवाना, पार्लमेंटसाठी छापलेली कागदपत्रे, बंदोबस्ताचा अहवाल, कापूस खात्याचे वार्षिक अहवाल, एशियाटिक सोसायटीचे नियतकालिक आणि एक आत्मचरित्र, एवढ्या साधनांच्या आधारे हा माग काढता येतो. तो काढताना दिसते ते असे की, या आडनावाचा नकाशा आणि कंपनी सरकारच्या सत्तेचा नकाशा फारसे वेगळे नाहीत.

वडगावचा सहीवाला

घराण्याच्या नावातला दुसरा भाग आधी भारतात आला. जॉन कार्नॅक हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. जानेवारी १७६१ मध्ये बिहारात सुआन इथे त्याने शहा आलमच्या सैन्याचा पराभव केला आणि शहाच्या बाजूने लढणारा फ्रेंच सेनानी ज्याँ लॉ त्याच्या हाती लागला. पुढे तो बंगालच्या फौजेचा प्रमुख झाला. क्लाइव्हच्या जवळच्या वर्तुळात त्याची गणना होई. बादशहाने त्याला दोन लाख रुपयांचा नजराणा दिला होता, याची नोंद पार्लमेंटने पुढे कंपनीच्या कारभाराची चौकशी केली तेव्हाच्या कागदांत सापडते. इंग्लंडला परतल्यावर १७६८ मध्ये तो लेमिन्स्टरहून पार्लमेंटवर निवडून गेला. बंगालमधल्या लढाया, बंगालमधला पैसा आणि त्या जोरावर लंडनमध्ये प्रतिष्ठा, हा त्या काळातल्या कंपनीच्या अधिकाऱ्यांचा ठरलेला मार्ग होता. कार्नॅकही त्याच मार्गाने गेला.

१७७६ मध्ये तो मुंबईच्या कौन्सिलचा सभासद म्हणून पुन्हा भारतात आला, आणि इथून त्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात येते. रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या नोव्हेंबरात घाटावर फौज पाठवली. तिचे नेतृत्व एका सेनापतीकडे न देता एका कमिटीकडे दिले होते. कर्नल एगर्टन, जॉन कार्नॅक आणि पुण्यात वकील राहिलेला मॉस्टिन हे तिचे सभासद. मॉस्टिन मोहीम ऐन रंगात येण्याआधीच वारला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठी लोकांनी त्याच्या शौर्याची आठवण ‘इष्टुर फाकडा’ या नावाने जपली. तळेगावपर्यंत येऊन पोचलेल्या इंग्रजांना पुढे दाणागोटा मिळेना, मागे फिरताना मराठ्यांनी कोंडी केली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना शरणागतीचा तह करावा लागला. महादजी शिंदे आणि नाना फडणवीस यांच्या मुत्सद्देगिरीचा हा कळस होता. कमिटीच्या वतीने त्या तहाची जबाबदारी ज्यांच्या माथी आली, त्यांत कार्नॅक होता. मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही सरकारांनी तो तह पाळायचे नाकारले. कंपनीच्या संचालकांनी एगर्टन, फौजेतला अधिकारी कॉकबर्न आणि कार्नॅक या तिघांनाही नोकरीतून काढून टाकले.

कार्नॅक मात्र भारतातच राहिला आणि १८०० मध्ये मंगळूरला वारला. त्याला मूलबाळ नव्हते. आडनाव इथेच संपायचे होते.

मृत्युपत्रातून जन्मलेले नाव

ते संपले नाही, याचे कारण एलिझाबेथ रिव्हेट. ही कार्नॅकची दुसरी पत्नी. जोशुआ रेनॉल्ड्स या नामांकित चित्रकाराने तिचे पूर्णाकृती चित्र काढले होते. ते आज लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. तिचे वडील टॉमस रिव्हेट हे डर्बीचे पार्लमेंट सदस्य. रिव्हेट हे आडनाव इंग्लंडच्या पूर्वेकडे, विशेषतः नॉरफोक आणि सफोक परगण्यांत आढळते. एलिझाबेथचा भाऊ जेम्स रिव्हेट मुंबई कौन्सिलचा सभासद होता. जनरल कार्नॅकने आपली मालमत्ता या मेव्हण्याच्या नावे केली आणि त्याबरोबर आपले नाव लावण्याची अट घातली. राजाच्या परवान्याने १८०१ मध्ये जेम्स रिव्हेटने कार्नॅक हे नाव धारण केले. पुढच्याच वर्षी तो वारला, पण नाव त्याच्या मुलांना मिळाले.

इस्टेट हवी तर नाव घ्या, ही प्रथा त्या काळच्या इंग्लंडात रूढ होती. निपुत्रिक धनिकाला आपले नाव राखायचे असे, वारसाला मालमत्ता हवी असे आणि राजाचा परवाना दोघांचेही समाधान करी. आपल्याकडे दत्तकविधानाने जे साधले जाई, त्याच्याशी याचे नाते जवळचे आहे. दत्तकाने घराणे आणि गादी पुढे चालते. पुढे सातारा आणि नागपूर या दोन्ही राज्यांत दत्तक नाकारून कंपनीने राज्ये खालसा केली. स्वतःच्या अधिकाऱ्यांच्या घरात मात्र वारसा असा कागदाने पुढे नेण्याला इंग्लंडचा कायदा पूर्ण मान्यता देत होता. हा विरोधाभास कागदपत्रे एकमेकांशेजारी ठेवली की ठळकपणे पुढे येतो.

साधनांच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सुरुवातीच्या कागदांत हे कुटुंब बहुधा ‘कार्नॅक’ एवढेच आहे आणि ‘रिव्हेट’ हे मधले नाव असल्यासारखे येते. दोन्ही शब्द संयोगचिन्हाने जोडून लिहिणे नंतर रूढ झाले. त्यामुळे जुन्या इंग्रजी ग्रंथांच्या सूचीत एक पिढी ‘सी’ या अक्षराखाली आणि दुसरी ‘आर’ या अक्षराखाली मिळते. सूचीच्या एकाच पानावर विसंबणाऱ्याला ही दोन वेगळी घराणी वाटतील.

बडोदे आणि सातारा

परवाना घेणाऱ्या जेम्सचा मुलगाही जेम्सच. तो कंपनीच्या फौजेत शिरला आणि बडोद्याला रेसिडेंट झाला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला, तेव्हा बडोद्याची रेसिडेन्सी याच कार्नॅकच्या हाती होती. तो खून आणि त्र्यंबकजी डेंगळ्यांवरचा आरोप हे पेशवाईच्या शेवटच्या पर्वाचे एक मोठे कारण ठरले. १८१७ मध्ये गायकवाडांशी झालेल्या पुरवणी तहातही कार्नॅकचाच हात होता. इंग्लंडला गेल्यावर तो कंपनीचा संचालक आणि पुढे अध्यक्ष झाला. १८३६ मध्ये त्याला बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. १८३९ च्या मे अखेरीस सर जेम्स रिव्हेट कार्नॅक मुंबईचा गव्हर्नर झाला. ज्या इलाख्याच्या नोकरीतून त्याच्या वडिलांच्या मेव्हण्याला वडगावच्या नामुष्कीनंतर काढले गेले होते, तिथल्या सर्वोच्च खुर्चीवर साठ वर्षांनी तेच नाव बसले.

त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत गंभीर निर्णय साताऱ्याचा. १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य मिळाले होते. महाराज कारभारात लक्ष घालणारे, शिक्षणाची आवड असणारे आणि तहातल्या आपल्या हक्कांबद्दल दक्ष होते. त्यांच्यावर तीन आरोप ठेवले गेले. कंपनीच्या तेविसाव्या पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवण्याचा प्रयत्न, गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी संधान, आणि नागपूरचे पदच्युत राजे अप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहार. तिसऱ्या आरोपामुळे विदर्भाचे नावही या प्रकरणात गोवले गेले.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. महाराजांशी त्याच्या भेटी झाल्या. एका कबुलीच्या कागदावर सही करा, पुढे तह काटेकोर पाळीन असे लिहून द्या, मग मागचे सारे माफ, असा त्याचा प्रस्ताव होता. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देण्यास महाराजांनी नकार दिला. सप्टेंबरच्या सुरुवातीला रेसिडेंट ओव्हान्स याने त्यांना राजवाड्यातून उचलले आणि त्यांची रवानगी काशीला झाली. गादीवर त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांना बसवण्यात आले. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीलाच वारले. पुढच्या वर्षी शहाजी वारले आणि दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झाले.

महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेरा वर्षांच्या आसपास तिथे झगडत राहिले. त्यांच्या झगड्यामुळे हे प्रकरण पार्लमेंटपर्यंत पोचले आणि त्याची कागदपत्रे छापली गेली. आज आपण ही कहाणी बारकाईने सांगू शकतो, कारण हरलेल्या बाजूच्या एका माणसाने कागद दडपू दिले नाहीत. विसाव्या शतकात प्रबोधनकार ठाकरे यांच्या लेखनाने हा प्रसंग मराठी घरांत पोचवला. कार्नॅकने एप्रिल १८४१ मध्ये गव्हर्नरपद सोडले आणि १८४६ मध्ये तो वारला.

मुंबईत त्याचे नाव रस्त्याला, बंदराला आणि रेल्वेवरच्या पुलाला मिळाले. मुंबईकरांच्या तोंडी ते ‘कर्नाक’ झाले. कर्नाक रोडचा पुढे लोकमान्य टिळक मार्ग झाला. १८६८ मधला कर्नाक पूल २०२२ मध्ये पाडला गेला आणि त्या जागी उभा राहिलेला नवा पूल जुलै २०२५ मध्ये ‘सिंदूर’ या नावाने खुला झाला.

एच. की जे. एच.?

आता वर्ध्याकडे. १८६७ च्या अहवालावर ‘एच. रिव्हेट-कार्नॅक’ आहे. कापूस खात्याच्या अहवालांवर तेच. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या लेखांवरही तेच. परंतु १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेनी मेमरीज’ या आत्मचरित्राच्या लेखकाची आद्याक्षरे जे. एच. अशी दिली जातात. हे दोघे एकच. पूर्ण नाव जॉन हेन्री, घरात आणि दोस्तांत हॅरी. कापूस कमिशनरची नेमणूक, नागपूरजवळचे उत्खनन आणि पुढची अफूखात्यातली नोकरी या तिन्ही गोष्टी दोन्ही बाजूंच्या कागदांत जुळतात, त्यामुळे शंकेला जागा राहत नाही. साताऱ्याचे प्रकरण घडले त्याच्या आदल्या वर्षी, १८३८ मध्ये, त्याचा जन्म झाला. म्हणजे तो गव्हर्नर कार्नॅकच्या नंतरच्या पिढीतला.

तो बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधून मध्यप्रांतात आला. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले वारल्यावर नागपूरचे राज्य खालसा झाले होते आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत हा नवा प्रांत तयार झाला होता. चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल झपाट्याने जिल्हे मोजून घेत होता. वर्ध्याचा बंदोबस्त हा त्याच कामाचा भाग.

या बंदोबस्ताने जे घडले, त्याचे परिणाम वर्ध्याच्या गावागावांत पुढची ऐंशीहून अधिक वर्षे राहिले. भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील हा प्रामुख्याने सारा गोळा करून भरणारा माणूस होता. कसूर झाली तर ते काम दुसऱ्याकडे जाई. इंग्रज सरकारने ठरवले की, अशा पाटलांना आणि मक्तेदारांना गावाचे मालक मानायचे. त्यांना मालगुजार म्हटले गेले. मालगुजाराने ठरलेला सारा सरकारात भरायचा, गावकऱ्यांकडून खंड घ्यायचा, आणि हा सारा तीस वर्षे बदलायचा नाही. जुन्या, हक्क सिद्ध केलेल्या कास्तकारांना आपल्या शेतापुरते मालक मानण्यासाठी ‘मालिक-मकबुजा’ हा वेगळा वर्ग केला गेला. बाकीचे कुळे झाले. कोण कशात बसतो, हे ठरवण्याचे अधिकार बंदोबस्त अधिकाऱ्याकडे होते. गावाच्या चालीरीती, चराईचे हक्क, जळाऊ लाकूड, पाणवठे हे सारे ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात नोंदले जाई.

एका तरुण इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालेल्या या नोंदींनी वर्ध्यातल्या कुटुंबांची पुढच्या तीन पिढ्यांची प्रतिष्ठा आणि कर्जबाजारीपण दोन्ही ठरवले. मालकी कागदावर आली, तशी ती गहाणही टाकता आली. सावकाराच्या वहीत गाव जाणे शक्य झाले ते यामुळे. मालगुजारी अखेर संपली ती १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून.

हिंगणघाटचा कापूस

हॅरी रिव्हेट-कार्नॅकचे नाव इंग्लंडात गाजले ते मात्र कापसामुळे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. नजर भारताकडे वळली. विदर्भातला कापूस तोवर लमाणांच्या बैलतांड्यांवरून मिर्झापूरला आणि गाड्यांवरून मुंबईला जाई. वाटेत पाऊस, धूळ, दलालांची भेसळ. लिव्हरपूलला पोचेपर्यंत मालाची कळा जाई. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले, तरी मँचेस्टरच्या गिरणीमालकांना अमेरिकेवर पुन्हा सर्वस्वी अवलंबून राहायचे नव्हते. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस कमिशनर नेमण्यामागे हा रेटा होता. त्या जागेवर रिव्हेट-कार्नॅक आला.

त्याच्या दृष्टीने वर्ध्याच्या खोऱ्यातले हिंगणघाट हे या मुलखाचे मुख्य नाव होते. वणा नदीच्या काठचे जुने गाव पुरात सापडे, म्हणून थोड्या उंचवट्यावर रुंद रस्त्यांचे नवे गाव वसले. मोठे व्यवहार मारवाडी पेढ्यांच्या हाती होते. इथल्या ‘बणी’ जातीच्या पऱ्हाटीची रुई लांब, मऊ आणि शुभ्र. लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हेच एका प्रतीचे नाव झाले होते. इतर देशी मालापेक्षा त्याला भाव चांगला मिळे. हिंगणघाटची सरकी बियाण्यासाठी वऱ्हाडात आणि खानदेशातही नेली गेली.

कापूस खात्याच्या अहवालांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते आजच्या कापूस उत्पादकालाही ओळखीचे वाटतील. बियाणे शुद्ध कसे राखायचे, वेचणीत पालापाचोळा येऊ नये म्हणून काय करायचे, बाजारात वजन खरे कसे राहील, आणि गाठ कुठे बांधायची. त्या काळी कापूस सैल गाठींत मुंबईला जाई आणि तिथे पुन्हा दाबून जहाजावर चढे. रिव्हेट-कार्नॅकचा आग्रह होता की, वाफेची प्रेस कापसाच्या बाजारातच बसावी, म्हणजे इथे दाबलेली पक्की गाठ रेल्वेने थेट बंदरात जाईल. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोची. एवढा माल सैल नेण्याचा आणि दाबून नेण्याचा खर्च यांत फार अंतर पडे. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला लोहमार्ग पुलगाव, वर्धा करत नागपूरला पोचला. १८७० च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने खामगावच्या कापूस बाजाराला जोडणारी शाखा सुरू केली. पुढे वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणीपर्यंत रूळ गेले.

या अहवालांतली एक जागा थांबून वाचण्यासारखी आहे. रेल्वेने विलायती कापड आत आणले की ते देशी कापडापेक्षा स्वस्त विकेल, विणकर आणि सूत काढणारे लोक त्या धंद्यातून मोकळे होतील, आणि ते शेतीच्या मजुरीला उपलब्ध होऊन कापसाचा पेरा वाढेल, असा हिशेब त्याने मांडला आहे. कापूस बाहेर पाठवायचा, कापड आत घ्यायचे आणि कोष्ट्याला शेतमजूर करायचे, हे धोरण इतक्या उघडपणे मांडलेले सहसा आढळत नाही. तो हे लपवत नाही, कारण ते वाचणाऱ्या मँचेस्टरच्या मंडळींना त्यात वावगे वाटणार नव्हते. साम्राज्याच्या अर्थकारणावर झालेल्या अलीकडच्या संशोधनात रिव्हेट-कार्नॅकचे अहवाल वारंवार उद्धृत होतात, ते याच उघडेपणासाठी.

पुढे काय झाले तेही कागदांतच आहे. १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. काही वर्षांत हिंगणघाटलाही गिरणी आली. कापूस पिकतो तिथेच सूत कातण्याचा हा मार्ग भारतीय भांडवलाने शोधला. बणीची मात्र पीछेहाट झाली. शतकाच्या अखेरीस आखूड धाग्याची, पण जास्त उतारा देणारी ‘जरी’ जात शेतकऱ्यांनी उचलली, कारण भावातला फरक उताऱ्यातला फरक भरून काढत नव्हता. १९०६ मध्ये आर. व्ही. रसेल याने वर्धा जिल्ह्याचे गॅझेटिअर काढले तेव्हा हिंगणघाटची ती जुनी प्रत बहुतांशी इतिहासजमा झाली होती. ज्या नावावर लिव्हरपूलचा बाजार चाले, ते नाव शेतकऱ्याच्या पदरात पुरेसे टाकत नव्हते.

आणि ज्या जिल्ह्याच्या कापसाबद्दल तो हिशेब मांडला गेला, त्याच जिल्ह्यात १९२१ मध्ये विनोबा आले, १९३४ मध्ये मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि १९३६ मध्ये गांधीजी सेगावला राहायला गेले. सूत काढणाऱ्याला शेतमजूर करण्याच्या विचाराला इथे उलट उत्तर मिळाले. या उत्तरामागेही बंदोबस्ताचा एक धागा आहे. जमनालाल बजाज सेगावचे मालगुजार होते. गांधीजींच्या वस्तीला जागा मिळाली ती मालगुजारीच्या त्याच व्यवस्थेतून.

शिळावर्तुळे आणि अफू

नागपूर-वर्धा भागात दगडांच्या वर्तुळांखाली प्राचीन दफने आहेत. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुरात बुडून वारले. हेच काम रिव्हेट-कार्नॅकने नागपूरजवळ जुनापाणी इथे पुढे नेले. तिथल्या दफनांतून लोखंडी वस्तू मिळाल्या. वर्तुळाच्या काही दगडांवर त्याला ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे दिसले. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या प्राचीन दगडांवरही तसेच खळगे असल्याचे त्याने दाखवून दिले. त्याचा लेख एशियाटिक सोसायटीच्या १८७९ च्या अंकात आहे आणि जुनापाणीच्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. युरोप आणि विदर्भ यांना जोडणारी एकच जमात असावी, हा त्या काळचा तर्क पुढच्या संशोधनाने टिकू दिला नाही. त्याची नोंद आणि रेखाटने मात्र उपयोगी ठरली. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याने बी. के. थापर यांच्या नेतृत्वाखाली जुनापाणीला शास्त्रशुद्ध उत्खनन केले. वर्धा जिल्ह्यातल्या खैरवाड्याची वर्तुळेही याच महापाषाणयुगीन संस्कृतीची.

१८७६ पासून १८९४ पर्यंत रिव्हेट-कार्नॅक गाझीपूरला बनारस अफू एजन्सीचा प्रमुख होता. कापूस आणि अफू, भारतातून बाहेर जाणाऱ्या दोन मोठ्या पिकांची देखरेख एकाच माणसाच्या कारकिर्दीत आली. निवृत्तीनंतर तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला आणि १९२३ मध्ये वारला.

नावाचा नकाशा

आता हे आडनाव जगाच्या नकाशावर मांडून पाहू. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रीमँटलजवळ कार्नॅक नावाचे बेट आहे. १८२७ मध्ये कॅप्टन स्टर्लिंगने ‘सक्सेस’ या जहाजावरचा लेफ्टनंट जॉन रिव्हेट कार्नॅक याचे नाव त्याला दिले. पुढे १८३२ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांचा लढवय्या नेता यागन याला याच बेटावर कैदेत ठेवले होते. तो होडीतून निसटला. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये राइड इथे शिडाच्या बोटींच्या शर्यतीत चार्ल्स आणि फ्रान्सिस रिव्हेट-कार्नॅक या पतिपत्नींनी ‘हिरॉइन’ या बोटीवर सुवर्णपदक मिळवले. त्यांच्या गटात दुसरी बोटच उतरली नव्हती. आणखी एक चार्ल्स रिव्हेट-कार्नॅक १९५९-६० मध्ये कॅनडाच्या घोडेस्वार पोलीस दलाचा कमिशनर होता. नावांच्या अशा पुनरावृत्तीमुळेच सन आणि हुद्दा तपासल्याशिवाय या घराण्यातला कोणताही जेम्स, जॉन किंवा चार्ल्स स्वीकारता येत नाही.

डर्बी, लंडन, मुंबई, बडोदे, वर्धा, गाझीपूर, फ्रीमँटल, कॅनडा. एरवी दुर्मीळ आडनाव एखाद्या दरीत, एखाद्या परगण्यात साकळलेले असते, कारण ते धारण करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नांगर धरतात. रिव्हेट-कार्नॅकचे तसे नाही. हे नाव शेतातून आले नाही, हुद्द्यातून आले. म्हणून ते जमिनीवर पसरले नाही, साम्राज्याच्या नेमणुकांच्या यादीवर पसरले.

मुंबईत त्याच्या पाट्या लागल्या आणि उतरल्या. वर्ध्यात अशी पाटी कधी नव्हती. इथे ते बंदोबस्ताच्या मिसलीत, मालगुजार आणि कूळ या विभागणीत, पुलगाव-हिंगणघाटच्या कापूस व्यवहारात मुरले. पाटी बदलली की रस्त्याचे नाव बदलते. जमिनीवरच्या हक्कांची वाटणी बदलायला स्वातंत्र्य आणि कायदा लागला. म्हणून विदर्भाचा इतिहास लिहिणाऱ्याने या अहवालाकडे पाठ फिरवू नये, आणि त्यावर विसंबूनही राहू नये. अधिकाऱ्याने वर काय कळवले ते अहवालात मिळते. गावाने काय सांगितले ते त्याच बंदोबस्तातल्या वाजिब-उल-अर्जात आणि पुढच्या काळातल्या निस्तार पत्रकांत मिळते. चराई, जळण आणि पाण्याच्या सामूहिक हक्कांसाठी विदर्भातल्या ग्रामसभा आजही अशा नोंदी पुराव्यादाखल काढतात. अहवाल आणि या नोंदी शेजारी ठेवून गाव-गाव वाचणे हे वर्ध्याच्या अभ्यासकांपुढचे मोठे काम आहे. एका परक्या आडनावाचा माग काढता काढता आपण ज्यांच्यापाशी पोचतो ते पालकवाडीचे, कवठ्याचे, हिंगणघाटचे लोक आहेत. त्यांची नावे त्याच मिसलींत आहेत, आणि या इतिहासात पहिला हक्क त्यांचा आहे.